वाल्बीची टेकडी आणि कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा

कोपनहेगनच्या पश्चिमेला वाल्बीच्या टेकडीवर जे. सी. याकोबसेन यांनी १८४७ मध्ये बिअरचा कारखाना काढला आणि मुलगा कार्ल याच्या नावावरून त्याचे नाव कार्ल्सबर्ग ठेवले. त्यासाठी लागणारे यीस्ट त्यांनी दोन वर्षे आधी म्युनिकहून पत्र्याच्या डब्यांतून आणले होते. घोडागाडीच्या लांबच्या प्रवासात मुक्कामामुक्कामाला डब्यांवर थंड पाणी ओतून त्यांनी ते जिवंत ठेवले, असे सांगतात. घरचे विरजण जपणाऱ्यांना ही काळजी वेगळी समजावून सांगायला नको.

विरजण बिघडले की दही बिघडते, तसेच बिअरचेही होई. मात्र ते का बिघडते, हे नेमके कोणालाच ठाऊक नव्हते. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये कारखान्यातच प्रयोगशाळा स्थापली ती या प्रश्नांसाठी, आणि तिच्या नियमांत एक असाधारण अट घातली: येथे लागलेला तात्त्विक किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही शोध गुप्त ठेवायचा नाही. माझ्या मते या जागेचा पुढचा सारा इतिहास या एका अटीतून उलगडतो.

१८८३ या एकाच वर्षी तिचे फळ दोनदा दिसले. धान्यातील प्रथिने मोजण्यासाठी योहान केल्डाल यांनी नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करण्याची आणि तो अमोनिया मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाचा लांब मानेचा चंबू आजही दूध आणि धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आढळतो, आणि आपल्याकडे अकरावीच्या रसायनशास्त्रातही ही पद्धत शिकवली जाते. त्याच वर्षी एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी दाखवून दिले की, बिअर बिघडण्यामागे चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेले रानटी यीस्ट असते. त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, ते कारखान्यात वापरात आले आणि अटीला जागून इतर उत्पादकांनाही खुले झाले.

आज जी जुनी वास्तू दाखवली जाते, ती १८९७ मधील असल्यामुळे हे दोन्ही शोध तिच्यातले नव्हेत, तर आधीच्या जागेतले आहेत. तिच्या नावावर मोडतो तो १९०९ चा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याची मोजपट्टी. विकरांचे (एन्झाइमांचे) काम आम्लतेवर कसे अवलंबून असते, हे अभ्यासताना सोरेन पेटर लॉरिट्झ सोरेन्सन यांना हायड्रोजन आयनांची ०.०००००१ सारखी अतिसूक्ष्म प्रमाणे पुन्हापुन्हा लिहावी लागत. त्याऐवजी ६ एवढाच आकडा पुरेल, अशी मोजपट्टी त्यांनी तयार केली. पुढे काज लिंडरस्ट्रॉम-लँग यांनी याच प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख असताना प्रथिनांच्या रचनेचे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे स्तर मांडले.

१९७६ मध्ये जवळच नवे संशोधन केंद्र उभे राहिले. २००८ मध्ये बिअरचे मुख्य उत्पादन डेन्मार्कमधल्याच फ्रेडरिसिया शहरात हलवण्यात आले आणि कारखान्याच्या आवारात घरे, दुकाने व शाळा असलेली नवी वस्ती आकार घेऊ लागली. १८९७ ची वास्तू मात्र तिच्यातही आपल्या जागी उभी आहे.