डेटाबेस हेल्थ चेक : नेटवर्क लोड बॅलन्सरवरील स्वयंचलित तपासणी

येणारी कनेक्शन्स अनेक सर्व्हरांत वाटून देणारा नेटवर्क लोड बॅलन्सर आपल्यामागचे डेटाबेस सर्व्हर काम करण्याच्या स्थितीत आहेत की नाहीत हे ठरावीक अंतराने आपणहून तपासतो आणि मिळालेल्या उत्तरानुसार एखाद्या सर्व्हरकडे नवी कनेक्शन्स पाठवतो किंवा थांबवतो. या व्यवस्थेला डेटाबेस हेल्थ चेक म्हणतात. बिघाड झाला की कोणीतरी रात्री उठून यादीतून सर्व्हर काढायचा आणि दुरुस्तीनंतर परत घालायचा, हे काम तिच्यामुळे टळते.

वेब सर्व्हरांच्या बाबतीत ही तपासणी तुलनेने सोपी असते. सगळे सर्व्हर सहसा एकसारखे असतात आणि विनंती कोणाकडेही गेली तरी चालते. डेटाबेसचे तसे नाही. नेहमीच्या मांडणीत लेखन स्वीकारणारा प्रायमरी एकच असतो आणि बाकीच्या रेप्लिका त्याच्या बदलांची नक्कल करत मागोमाग चालतात. म्हणून सर्व्हर चालू आहे का एवढे विचारून भागत नाही. तो या घटकेला कोणत्या भूमिकेत आहे आणि प्रायमरीच्या किती मागे आहे, हेही विचारावे लागते. या विषयातल्या बहुतेक अडचणी चुकीचा प्रश्न विचारल्याने उद्भवतात.

नेटवर्क लोड बॅलन्सर ओएसआय प्रतिमानाच्या (नेटवर्कचे काम सात स्तरांत मांडणाऱ्या आराखड्याच्या) चौथ्या स्तरावर, म्हणजे दोन यंत्रांमधील टीसीपी कनेक्शनच्या पातळीवर काम करतो. आतून जाणारी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, तो वाचत नाही, त्यामुळे वाचन कोणते आणि लेखन कोणते हे त्याला कळत नाही. दोन्हींसाठी वेगळे पोर्ट (सर्व्हरवरील क्रमांकित प्रवेशद्वार) ठेवण्याची पद्धत यातूनच आली. 1998 मध्ये वेन्सोंग झांग यांनी सुरू केलेला लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर, विली तारो यांनी 2001 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला एचएप्रॉक्सी, एफ5 कंपनीचे बिग-आयपी आणि ॲमेझॉनने 2017 मध्ये आणलेला नेटवर्क लोड बॅलन्सर ही या वर्गातली परिचित साधने आहेत.

पोर्ट उघडे असणे

सर्वांत साधी तपासणी म्हणजे डेटाबेसच्या पोर्टवर टीसीपी कनेक्शन जुळते का ते पाहणे. ती मांडायला एक ओळ पुरते, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी तीच कायमची राहून जाते. तिच्यातली मोठी उणीव अशी की कनेक्शन जुळवणारा टीसीपीचा त्रिपदी हस्तांदोलनाचा टप्पा ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, पार पाडतो, डेटाबेसची प्रक्रिया नव्हे. प्रक्रिया पूर्ण गोठली असली तरी, प्रतीक्षारांग भरेपर्यंत, कर्नल नव्या कनेक्शनला होकार देत राहतो. लोड बॅलन्सरच्या दृष्टीने सर्व्हर ठणठणीत, आणि इकडे एकही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पुढे सरकत नाही.

मायएसक्यूएलमध्ये या तपासणीचा आणखी एक उपद्रव होतो. होस्ट कॅश (जोडणाऱ्या पत्त्यांची सर्व्हरने ठेवलेली नोंद) चालू असताना, कनेक्शन जोडून परिचयाची देवघेव पूर्ण न करता तोडले तर सर्व्हर ती चूक त्या पत्त्याच्या नावावर मोजतो. लागोपाठच्या चुकांनी ठरलेली मर्यादा ओलांडली (मूळ मूल्य 100) की त्या पत्त्यावरून येणारी सगळी कनेक्शन्स नाकारली जातात. मधे एखादे यशस्वी कनेक्शन आले तर मोजणी शून्यावर येते. त्यामुळे लोड बॅलन्सर स्वतःच्या पत्त्यावरून कनेक्शन्स पुढे नेत असेल, तर गजबजलेल्या सर्व्हरवर हा त्रास दिसत नाही. तो दिसतो राखीव सर्व्हरवर, जिथे तपासणीखेरीज काहीच येत नाही. पोर्ट उघडेच असल्यामुळे तपासणी हिरवी राहते, आणि फेलओव्हरच्या क्षणी, म्हणजे प्रायमरी बंद पडून राखीव सर्व्हरने जागा घ्यायची तेव्हा, हाच राखीव सर्व्हर लोड बॅलन्सरला दार लावून बसलेला असतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत परिणाम सौम्य आहे : अपुऱ्या स्टार्टअप पॅकेटच्या (कनेक्शनच्या पहिल्या संदेशाच्या) नोंदींनी लॉग भरत राहतो, एवढेच.

प्रोटोकॉलची तपासणी

यापुढची पायरी म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत बोलणे. एचएप्रॉक्सीत मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि रेडिस यांच्यासाठी तयार तपासण्या आहेत. मायएसक्यूएलची तपासणी दिलेल्या वापरकर्त्याच्या नावाने ओळख पटवते आणि लगेच निरोप घेते, त्यामुळे वरची मोजणी वाढत नाही. या तपासणीतून डेटाबेस अस्तित्वात आहे की नाही किंवा त्यातली माहिती सुसंगत आहे की नाही हे कळत नाही, असे एचएप्रॉक्सीच्या दस्तऐवजातच सांगितले आहे. पोस्टग्रेएसक्यूएलची तपासणीही स्टार्टअपच्या संदेशापुरतीच असते. रेडिससाठी पिंगला पाँग असे उत्तर आले की झाले. मात्र भूमिका जाणून घ्यायची तर रेप्लिकेशनची माहिती मागवून तीत मास्टर (म्हणजे प्रायमरी) हा शब्द शोधणारी टीसीपी तपासणी क्रमवार लिहावी लागते.

बिग-आयपीचे डेटाबेस मॉनिटर खरी क्वेरी चालवतात आणि उत्तरात अपेक्षित मजकूर आहे का ते पाहतात. त्यांचे मूळ अंतर 30 सेकंद आणि टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची कमाल मुदत) 91 सेकंद असतो. अंतराच्या तिपटीत एक मिळवायचा, हा त्या साधनाचा प्रचलित नियम आहे. अर्थात तीन संधी पूर्ण हुकल्याशिवाय सर्व्हर बाद होत नाही.

भूमिकेचा प्रश्न

क्लाउडमधील बहुतेक नेटवर्क लोड बॅलन्सरांना टीसीपी आणि एचटीटीपी यापलीकडची तपासणी येत नाही. त्यामुळे डेटाबेसच्या यंत्रावरच एक छोटी एचटीटीपी सेवा ठेवण्याची युक्ती सर्वत्र रुळली आहे. ती सेवा आतल्या आत डेटाबेसला प्रश्न विचारते आणि बाहेर फक्त 200 (ठीक) किंवा 503 (सेवा उपलब्ध नाही) हा कोड देते. वाहतूक डेटाबेसच्या पोर्टवर जाते, तपासणी मात्र दुसऱ्याच पोर्टवर होते. पर्कोना कंपनीच्या मायएसक्यूएल क्लस्टरसोबत (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटासोबत) वापरली जाणारी क्लस्टरचेक ही स्क्रिप्ट याचे जुने उदाहरण. एक्सआयनेटडी या लिनक्सवरील सेवेच्या मदतीने ती 9200 या पोर्टवर ऐकते आणि गॅलेरा नोडची (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरची) स्थिती 4, म्हणजे पूर्ण समक्रमित, असेल तरच 200 देते. दुसऱ्या नोडला माहिती पुरवण्यात गुंतलेला दाता नोड चालू असूनही एरवी 503 देतो. तसा तो चालवून घ्यायचा असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सर्व्हर रिकव्हरी स्थितीत, म्हणजे रेप्लिकाप्रमाणे दुसऱ्याचे बदल लागू करत, आहे का हे सांगणारे फंक्शन आहे. उत्तर ‘नाही’ आले की तो प्रायमरी, असे मानून लिहिलेल्या स्क्रिप्ट पुष्कळ आढळतात. त्या अपुऱ्या आहेत. नेटवर्क तुटल्यामुळे बाकीच्या क्लस्टरपासून वेगळा पडलेला जुना प्रायमरीसुद्धा तेच उत्तर देतो, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. त्या बाजूला राहिलेला लोड बॅलन्सर त्याच्याकडे लेखन पाठवत राहिला, तर दोन प्रायमरी एकाच वेळी लेखन स्वीकारतात, आणि नंतर ती दोन सत्ये एकत्र करण्याचा सरळ मार्ग नसतो.

पोस्टग्रेएसक्यूएलचे क्लस्टर सांभाळणारे पॅट्रोनी हे साधन या प्रश्नाला नीट भिडते. प्रायमरी कोण हे ठरवणारे नेतृत्वाचे कुलूप ईटीसीडी, कॉन्सुल किंवा झूकीपर यांसारख्या सामायिक भांडारात असते आणि त्याची मूळ मुदत 30 सेकंदांची असते. पॅट्रोनीच्या 8008 या पोर्टवर ‘प्रायमरी’ हा मार्ग विचारला, तर कुलूप हाती असलेला नोडच 200 देतो. ‘रेप्लिका’ या मार्गावर किती मागे राहणे चालेल ही मर्यादाही प्रश्नासोबत देता येते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची उपलब्धता-गटांची मांडणी अझूरवर चालवताना आणखी साधा मार्ग घेतला जातो. तपासणीपुरता एक प्रोब पोर्ट, बहुधा 59999, क्लस्टरच्या आयपी संसाधनाशी बांधला जातो. ते संसाधन ज्या नोडकडे असेल तोच त्या पोर्टवर ऐकतो. येथे क्वेरी नाही, स्क्रिप्टही नाही. निर्णय क्लस्टर घेतो आणि लोड बॅलन्सर तो पाळतो.

ही कामाची वाटणी फार महत्त्वाची आहे. प्रायमरी कोण हे लोड बॅलन्सरने ठरवू नये. बहुमताने ठरवणारी यंत्रणा वेगळी असावी आणि तपासणीने फक्त तिचा निकाल पोहोचवावा. लोड बॅलन्सर एकापेक्षा जास्त असतात, प्रत्येकाला नेटवर्क वेगळे दिसते, आणि त्यांचे आपापसात एकमत करून घेण्याची सोय सहसा नसते.

रेप्लिका किती मागे आहे हे मोजतानाही फसगत होते. मायएसक्यूएलमध्ये स्रोताच्या किती सेकंद मागे हे सांगणारा रकाना रेप्लिकेशनचा धागा बंद पडला की रिकामा येतो, आणि निष्काळजी स्क्रिप्ट रिकाम्याला शून्य समजते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये शेवटच्या लागू झालेल्या व्यवहाराची वेळ आत्ताच्या वेळेतून वजा करतात. पण प्रायमरीवर लेखनच होत नसेल तर रेप्लिका पूर्ण अद्ययावत असूनही तो फरक वाढतच जातो. रात्री शांतता झाली की सगळ्या रेप्लिका बाद, असा चमत्कारिक बिघाड त्यातून होतो. प्रायमरीवर दर सेकंदाला एका छोट्या तक्त्यात वेळ लिहून ती रेप्लिकावर वाचणे हा जास्त भरवशाचा उपाय आहे. पर्कोनाच्या साधनसंचातील हार्टबीट हे साधन हेच करते.

वेळेचे गणित

एचएप्रॉक्सीची मूळ मूल्ये अशी : दर 2 सेकंदांनी तपासणी, लागोपाठ 3 अपयशांनंतर बाद, लागोपाठ 2 यशांनंतर परत. सर्व्हर सरळ नकार देत असेल तर चारपासून सहा सेकंदांत बिघाड लक्षात येतो. तो गप्प बसला तर टाइमआउटची भर पडते. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरचे मूळ अंतर 30 सेकंद असल्याने तेथे तेच काम मिनिटाच्या घरात जाते. म्हणून सगळ्यांना अंतर कमी करण्याचा मोह होतो. पण नवा प्रायमरी निवडायलाच तीस सेकंद लागणार असतील, तर दर अर्ध्या सेकंदाला विचारून खंड फारसा कमी होत नाही. क्षणिक अडखळण्याने सर्व्हर आत-बाहेर होत राहण्याची शक्यता मात्र वाढते.

याहून मोठी गोष्ट आधीपासून जुळलेल्या कनेक्शन्सची आहे. ॲप्लिकेशनचे कनेक्शन पूल (जोडून ठेवलेल्या कनेक्शन्सचे साठे) तीच कनेक्शन्स तासन्‌तास वापरतात. सर्व्हर बाद ठरला तरी जुनी कनेक्शन्स आपोआप तुटतातच असे नाही. परिणामी पदावनत होऊन रेप्लिका झालेल्या सर्व्हरवर ॲप्लिकेशन लेखनाचा प्रयत्न करत राहते आणि चुका घेत राहते. एचएप्रॉक्सीत सर्व्हर बाद होताच त्याची सत्रे बंद करण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. डेटाबेससाठी तो जवळजवळ अनिवार्य मानावा. उलट दिशेनेही काळजी हवी : ॲमेझॉनच्या साधनात निष्क्रिय टीसीपी कनेक्शन मूळ मूल्यानुसार 350 सेकंदांनी विस्मरणात जाते, तर लिनक्सचा मूळ कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का हे पाहणारा संदेश) 7200 सेकंदांनी सुरू होतो. तो कमी केला नाही तर पूलमधली निवांत कनेक्शन्स मेलेली निघतात आणि दोष हेल्थ चेकच्या माथी मारला जातो.

तपासणी किती खोल असावी

पोर्टची तपासणी उथळ ठरते म्हणून काही जण टोकाला जातात आणि तपासणीत खऱ्या तक्त्यांवरची जड क्वेरी घालतात. भार वाढला की ही क्वेरी वेळेत उत्तर देत नाही, सर्व्हर बाद होतो, त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तेही एकामागून एक बाद होतात. केवळ मंद असलेली सेवा अशा रीतीने तपासणीच बंद पाडते. कनेक्शन्स संपण्याचेही असेच होते. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा 151 आणि पोस्टग्रेएसक्यूएलची 100 आहे. ती भरली की तपासणीलाही जागा मिळत नाही. त्यात प्रत्येक लोड बॅलन्सर स्वतंत्रपणे विचारतो, त्यामुळे तपासण्यांची संख्या झपाट्याने वाढते. वर सांगितलेल्या मदतनीस एचटीटीपी सेवेने डेटाबेसशी एकच कनेक्शन धरून ठेवावे आणि उत्तर सेकंदभर जपून सर्वांना तेच द्यावे, हे उत्तम.

याच्या दुसऱ्या बाजूला वाचनाच्या क्वेरीला न दिसणारे बिघाड आहेत. डिस्क भरली की मायएसक्यूएल लेखन थांबवून जागा होण्याची वाट पाहतो. ओरॅकलमध्ये आर्काइव्ह लॉगची (बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदींची) जागा संपली की बदल अडकतात. साधे वाचन दोन्हीकडे चालूच राहते. लेखनाची तपासणी ठेवायची तर ती प्रायमरीवर आणि तिच्यासाठीच राखलेल्या एका ओळीपुरती ठेवावी. बहु-प्रायमरी क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडने तीच ओळ लिहिली तर तपासण्याच एकमेकींशी भिडतात.

सगळेच सर्व्हर बाद ठरल्यावर काय होते, हे प्रत्येक साधनाच्या बाबतीत आधी वाचून ठेवणे आवश्यक आहे. एचएप्रॉक्सी अशा वेळी कनेक्शन नाकारतो. ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर मात्र सर्वांकडे वाहतूक पाठवू लागतो. वेबसाठी हे शहाणपणाचे आहे. लेखनाच्या पोर्टसाठी ते धोक्याचे आहे, कारण जुना प्रायमरी गेला आणि नवा अजून ठरला नाही त्या काही सेकंदांत सगळेच नोड 503 देत असतात. म्हणून रेप्लिकांवर केवळ-वाचनाची सक्ती डेटाबेसमध्येच असावी लागते. मायएसक्यूएलमध्ये विशेषाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही रोखणारा ‘सुपर रीड ओन्ली’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

मांडणी आणि पडताळणी

तपासणीची मांडणी हाताने न करता टेराफॉर्म, ॲन्सिबल अशा यंत्रमांडणी आपोआप करणाऱ्या साधनांतून केली जाते, म्हणजे नवा नोड उभा राहताना त्याची मदतनीस सेवा, फायरवॉलचा नियम आणि लोड बॅलन्सरच्या यादीतली नोंद एकदमच होते. फायरवॉल विसरली जाते हे नेहमीचे. अझूरच्या तपासण्या 168.63.129.16 या पत्त्यावरून येतात आणि तो अडला तर सगळे नोड आजारी दिसतात. तपासणीसाठीच्या वापरकर्त्याला स्थिती वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. नियोजित दुरुस्तीसाठी एचएप्रॉक्सीचा एजंट (सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) उपयोगी पडतो : तो ‘ड्रेन’ (नवी कनेक्शन्स नकोत) किंवा ‘मेंट’ (दुरुस्ती चालू) असे उत्तर देऊन सर्व्हर बाजूला घेतो, किंवा टक्केवारी कळवून त्याचे वजन, म्हणजे वाहतुकीतला वाटा, कमी करतो. लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हरसोबत वापरल्या जाणाऱ्या कीपअलाइव्हडीमध्ये स्क्रिप्टच्या निर्गम-कोडवरून वजन बदलण्याची अशीच सोय आहे.

नुसती सेवा बंद करून केलेली चाचणी फारसे काही सिद्ध करत नाही, कारण तो प्रसंग पोर्टची तपासणीही पकडते. डेटाबेसच्या प्रक्रियेला थांबण्याचा सिग्नल देऊन ती गोठवणे, नोडचे नेटवर्क एकाच दिशेने तोडणे, डिस्क भरणे, कनेक्शन्सची मर्यादा गाठणे आणि रेप्लिकेशन थांबवणे या पाच प्रसंगांत लोड बॅलन्सर काय करतो ते पाहावे लागते. आवृत्ती बदलल्यावर या चाचण्या पुन्हा चालवाव्यात, आणि सर्व्हरच्या स्थितीतला प्रत्येक बदल कारणासह लॉगमध्ये उतरतो आहे ना तेही त्याच वेळी तपासावे.