डिझेल फिल्टर घरी बदलायचा असेल तर

आमच्या दुकानातून डिझेल फिल्टर नेणारे बरेच ग्राहक तो घरीच बसवतात. ज्यांना हाताने काम करायची आवड आहे त्यांनी जरूर बसवावा. काम अवघड नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: फिल्टर उघडताना आत गेलेली धूळ आणि लाइनमध्ये राहिलेली हवा.

आधी तुमच्या गाडीचा फिल्टर कुठे आहे ते बघा. बॉनेट उघडल्यावर दिसत असेल तर पुढे वाचा. काही गाड्यांत तो खाली, टाकीच्या बाजूला असतो आणि त्यासाठी गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. अशी गाडी सरळ गॅरेजला न्या.

डिझेल इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यांच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणही आत ओरखडे पाडतो, आणि पाणी गेलं तर गंज धरतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग. 'आता डिझेल स्वच्छ आहे, फिल्टर जास्त चालेल,' असं काही जण म्हणतात. कमी झालं ते गंधक. धूळ आणि पाणी नाही. पावसाळ्यात तर अर्धी रिकामी टाकी दमट हवा आत घेते आणि ती ओल आत पाणी होऊन तळाशी बसते. कंपनीच्या पुस्तकात जेवढे किलोमीटर दिलेत तेवढेच धरा. घाटात चढावर गाडी दम सोडायला लागली, सकाळी स्टार्टर लांबायला लागला किंवा डॅशबोर्डवर डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला, तर किलोमीटर भरायची वाट बघू नका. पाण्याचा दिवा लागल्यावर मात्र आधी फिल्टरच्या तळाचा नळ सैल करून पाणी काढा.

काम सुरू करताना इंजिन पूर्ण गार असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा, आणि आसपास विडी-सिगरेट नको. आता सर्वांत महत्त्वाचं: पाना लावायच्या आधी फिल्टर, त्याचे पाइप आणि आजूबाजूची जागा ब्रशने घासून, पुसून लख्ख करा. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या, कॉटन वेस्ट नको. त्याचा एक धागा इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. नव्या फिल्टरच्या तोंडावरच्या टोप्या अगदी शेवटच्या क्षणी काढा, आणि त्याच टोप्या जुन्या फिल्टरला लावून टाका.

पाइप काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणता पाइप टाकीकडून येतो आणि कोणता पंपाकडे जातो ते फिल्टरवरच्या बाणावरून कळतं. प्लॅस्टिकच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी दाबून ओढायच्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्या की तुटतात, आणि नुसती क्लिप वेगळी मिळत नाही, अख्खा पाइप घ्यावा लागतो. खाली ट्रे ठेवा, बेल्ट आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाकून घ्या. जुन्या फिल्टरच्या तळाला पाण्याचा सेन्सर असेल तर तो सांभाळून काढून नव्याला लावा, रिंग मात्र नवीच वापरा. जुनी रबर रिंग कधीकधी वरच्या हाऊसिंगलाच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसली की गळती ठरलेली, म्हणून बोट फिरवून खात्री करा. नव्या रिंगला थोडं डिझेल चोळा. फिरवून बसवायचा, आट्यांचा (थ्रेडचा) फिल्टर असेल तर रिंग टेकल्यावर फिल्टरवर लिहिलेला फेरा हातानेच द्या, पान्याने आवळू नका.

बरेच जण नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने काठोकाठ भरून लावतात. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे पंप एका सामाईक पाइपमध्ये खूप दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं, तसं करू नये. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल जाळीतून न जाता थेट पंपाकडे जातं, आणि डबा कितीही स्वच्छ वाटला तरी त्यात कचरा असतो.

भरण्याचं काम प्रायमरने, म्हणजे फिल्टरपर्यंत डिझेल आणणाऱ्या पंपाने करा. हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. फिल्टरवर एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल, तेव्हा आवळा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बॅटरी जोडून फक्त किल्ली ऑन करा, पंपाचा आवाज थांबला की ऑफ, असं पाच-सहा वेळा. मग स्टार्ट करा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. दोन-तीन प्रयत्नांत गाडी घेत नसेल तर थांबा आणि फोन करा. काही मॉडेलना स्कॅनर लावूनच एअर काढावी लागते.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. जुन्या गाड्यांत इंजेक्टरच्या पाइपचे नट सैल करून, स्टार्टर मारत एअर काढायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये त्याच पाइपमध्ये १,६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाब असतो. टायरमधल्या हवेच्या सातशे पट धरा. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. फिल्टरपुढच्या लोखंडी पाइपना हात लावायची या कामात गरजच नाही.

गाडी चालू झाली की पाच-दहा मिनिटं उघड्यावर तशीच ठेवून सगळे जोड बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा. काही गाड्यांत फिल्टर ओढीच्या बाजूला, म्हणजे पंप टाकीतून डिझेल ओढतो त्या बाजूला असतो. तिथे ढिला जोड डिझेल गाळत नाही, बाहेरची हवा आत ओढतो. खाली थेंबही दिसत नाही, पण रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते. तसं झालं तर क्लिप आणि रिंग पुन्हा तपासा.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर बसला, तांबूस गाळ दिसला किंवा मध्ये काळा बुळबुळीत साका आला, तर टाकीही साफ करायला हवी. बरणी तशीच दुकानात आणून दाखवली तरी चालेल, बघायचे पैसे घेत नाही. ते डिझेल गटारात किंवा मातीत ओतू नका. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, आणि जुना फिल्टर व डिझेल बंद डब्यात आमच्याकडे द्या.

नवा फिल्टर न्यायला येताना आरसी किंवा तिचा फोटो आणा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालच्या गाड्यांना फिल्टर वेगळे लागतात, चेसिस नंबरवरून नेमका काढून देतो. रिंगा बॉक्समध्ये आहेत का, ते काउंटरवरच उघडून बघून घ्या.