स्टँड मिक्सर : पारख व टिकाऊपणा

कणीक, पावाचे व केकचे पीठ, लोणी-साखर, अंड्याचा फेस इ. पदार्थ एकाच भांड्यात फिरत्या अवजाराने तिंबणारे वा फेटणारे ओट्यावरील विद्युत् यंत्र. मराठीत नुसते ‘मिक्सर’ म्हटले की चटणी-मसाला वाटणारे यंत्र समजतात. दोन्हींची पारख एकाच मापाने होते आणि चूक तेथेच होते. वाटपाच्या मिक्सरचे पाते मिनिटाला १८,००० वा त्याहून अधिक फेरे घेते. स्टँड मिक्सरचे अवजार साधारणतः ६० ते ३०० फेरे घेते. पहिल्यात वेगाला महत्त्व, दुसऱ्यात पिळाच्या जोराला. आयएस ४२५० हे भारतीय मानक वाटपाच्या घरगुती मिक्सरांसाठी आहे. कणीक तिंबण्याची ताकद त्यावरून ठरवता येत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. विजेवर चालू शकणाऱ्या मिक्सरचे अमेरिकी एकस्व (पेटंट) रूफस ईस्टमन यांना १८८५ मध्ये मिळाले, म्हणून काही लेखक तेथूनच आरंभ धरतात. त्या यंत्राचा रोख मात्र मलई, अंडी व पेये फेटण्याकडे होता. दुसऱ्या मतानुसार ओहायओतील होबार्ट कंपनीचे अभियंता हर्बर्ट जॉन्स्टन हे खरे जनक. बेकरीतील कारागिराला धातूच्या चमच्याने पीठ कालवताना पाहून त्यांना १९०८ च्या सुमारास ही कल्पना सुचली, असे सांगतात. प्रसंगाचा तपशील कंपनीच्या परंपरेतून आलेला असल्याने तो बेताने घ्यावा. सुमारे ७५ लिटरचे व्यावसायिक यंत्र १९१४-१५ च्या आसपास व ‘किचनएड’ नावाचे घरगुती यंत्र १९१९ मध्ये आले. यात अवजार स्वतःभोवती फिरत असतानाच भांड्याच्या मध्याभोवतीही फिरते. या ग्रहगतीमुळे भांडे न फिरवता कडेचे पीठ आत ओढले जाते. आजच्या यंत्राचे हेच मुख्य लक्षण असल्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमधील ‘केनवुड शेफ’ १९५० चा.

खोक्यावरचे वॅट हे यंत्र किती वीज घेते ते सांगतात. आकड्यापर्यंत (कणीक तिंबणारे वाकडे अवजार, हूक) किती जोर पोहोचतो ते सांगत नाहीत. त्यातला काही भाग उष्णतेत व दातेरी चाकांच्या घर्षणात जातो. कमी वॅटचे पण चांगल्या गतिनियंत्रणाचे यंत्र हळू वेगावर घट्ट कणकेत अडत नाही, आणि हजार वॅटचे अडू शकते. चाके धातूची की नायलॉनची, हा वाद जुना आहे. काही धातूच्या यंत्रांतही एक चाक मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे पीठ अडले तर ते चाक तुटते व मोटर वाचते. असे स्वस्त चाक सुटे मिळत असेल, तर त्याला दोष मानू नये. कार्बन ब्रश (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे) बाहेरून बदलता येणे, डोके (मोटर असलेला वरचा भाग) धरून हलवले असता बिजागरीत खेळ नसणे, आकडा व तळ यांतील अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येणे, या तीन गोष्टी दुकानातच पाहता येतात. भांड्याची लिटरमधील क्षमता काठापर्यंतची असते. पाच लिटरच्या भांड्यात एक किलो पिठाची घट्ट कणीक ही बहुतेक घरगुती यंत्रांची वरची मर्यादा.

खान्देशात या यंत्राची कसोटी घेण्यास मांड्याच्या कणकेसारखे साधन नाही. मांडा म्हणजे हातांवर फिरवून मोठी केलेली व उपड्या खापरावर भाजलेली पुरणपोळी. तिची कणीक सैल, पण तिला लोच एवढा लागतो की पुरण भरून हातावर फिरवताना पोळी फाटता कामा नये. हा लोच गव्हातील ग्लुटेन या चिवट प्रथिनाचा. सुगरणी तो परातीत कणीक आपटून व पाणी लावून तिंबत आणतात. यंत्रात ही कणीक आकड्यावरून वर चढते. आकड्याच्या मानेवरची गळपट्टी (कणीक अडवणारी कड) उथळ असेल, तर कणीक वर मोटरीकडे जाऊ पाहते. कणीक तार धरेपर्यंत (ताणली तरी न तुटण्याइतकी होईपर्यंत) ज्याचा आकडा तळ सोडत नाही आणि डोके उचलले जात नाही, ते यंत्र चांगले. कळण्याच्या भाकरीचे पीठ ज्वारी-उडदाचे. त्यात ग्लुटेन नाही, म्हणून त्यावर यंत्राची परीक्षा होत नाही. उडदाच्या पापडाचे पीठ तेलाचा हात लावून कुटायचेच असते. ते घरगुती स्टँड मिक्सरमध्ये घालू नये. गिअर तुटण्याची सर्वाधिक भीती त्यातच.

आखाजी (अक्षय्य तृतीया) वैशाखात येते आणि मांड्यांचा मोठा घाणा नेमका त्याच दिवसांत निघतो. विद्युत् मोटरींच्या मानकांत सभोवतालचे तापमान सर्वसाधारणपणे ४०° से. धरतात, जळगाव-भुसावळचा उन्हाळा ते ओलांडतो. म्हणून यंत्राच्या माहितीपत्रिकेत सलग दहा मिनिटे लिहिली असतील, तर तेथे पाच-सहाच धरावीत व मध्ये यंत्र निवू द्यावे. याच उष्णतेत ग्रीसमधील तेल सुटून आकड्याच्या दांड्यावरून भांड्यात ठिपकते. तो बिघाड नव्हे. डोके उघडून जुने ग्रीस पुसावे व खाद्यपदार्थांस चालणारे नवे भरावे.