लेबर कोड नवीन, पण ३०० चा आकडा आणीबाणीतला

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड (कामगार कायद्यांच्या नव्या संहिता) लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले, आणि एचआरवाल्यांची झोप उडाली. पण हे काही रातोरात आलेलं नाही, दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ लाच सांगितलं होतं की कायद्यांची ही गर्दी कमी करा. वेतनाचा कोड २०१९ ला पास झाला, बाकीचे तीन २०२० ला, आणि मग पाच वर्षं सगळं तसंच पडून.

सगळ्यात जास्त भांडण ३०० वर चाललंय. फॅक्टरीत ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कपात करायला किंवा टाळं लावायला सरकारची परवानगी नको. मालकांना ही नवीन सूट दिली असं युनियनवाले म्हणतात, पण मुळात हा आकडा १९७६ चा आहे. त्याआधी नोटीस आणि नुकसानभरपाई दिली की काम भागायचं, आणीबाणीत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ५-ब हे प्रकरण घातलं आणि ३०० किंवा जास्त कामगार असलेल्यांना परवानगी सक्तीची केली. त्यावर मुंबईची एक्सेल वेअर ही कपडे बनवणारी कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७८ ला कोर्टाने फॅक्टरी बंद करण्याबद्दलचं २५-ओ कलमच रद्द केलं. सरकारने १९८२ ला ते दुरुस्त करून परत आणलं, वर मर्यादाही १०० वर आणली. (१९८२ म्हणजे गिरणी संपाचं वर्ष. कायदा एवढा कडक झाला तरी गिरण्या काही वाचल्या नाहीत.) मग मालक ९९ वर थांबायचे आणि बाकीची माणसं ठेकेदाराकडून घ्यायचे, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. राजस्थानने २०१४ ला आपल्यापुरतं परत ३०० केलं, केंद्राने तीच वाट धरली.

मला विचाराल तर बहुतेक मालकांच्या खिशाला खरी झळ ३०० ने नाही, पगाराच्या व्याख्येने बसणार आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम) कमी भरावी लागावी म्हणून बेसिक छोटं ठेवायचं आणि उरलेलं स्पेशल अलाउन्समध्ये ढकलायचं, ही आपल्याकडची जुनी चलाखी. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी धरा, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ लाच बजावलं होतं. आता वेतनाचा कोड म्हणतो की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच मोजायचा. म्हणजे ५०,००० मध्ये बेसिक १५,००० आणि बाकी सगळे भत्ते असतील तर हिशोब २५,००० वर, आणि ग्रॅच्युइटी नोकरीच्या दर वर्षामागे साधारण ८,६५४ ची १४,४२३ होते. शिवाय ती शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे माणूस जितका जुना तितका बोजा मोठा. डिसेंबर २०२५ तिमाहीच्या निकालात मोठ्या आयटी कंपन्यांनी यासाठी वेगळी तरतूद दाखवली ती म्हणूनच.