पुस्तक परिचयाचे पर्यायी उपक्रम

वाचलेल्या पुस्तकाविषयी ठरावीक साच्यात लिहून आणण्याऐवजी मुलांनी ते बोलून, रंगवून किंवा वाद घालून मांडावे, यासाठी भाषेच्या तासाला घेतल्या जाणाऱ्या कृती. जुना साचा सर्वांच्या ओळखीचा आहे: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठे, किंमत, सारांश, आवडलेला प्रसंग, तात्पर्य. मलपृष्ठावरचा मजकूर आणि थोडा धीटपणा एवढ्या भांडवलावर तो भरता येतो, हे मुलांना ठाऊक असते आणि बाईंनाही.

वाचक आपले अनुभव मजकुराला भिडवून अर्थ घडवतो, अशी मांडणी अमेरिकेत लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्ये केली. महाराष्ट्रात २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प यांना गुणांच्या नोंदीत हक्काची जागा मिळाली. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, म्हणजे अब्दुल कलामांची जयंती, हे या कामांना मिळणारे आणखी एक निमित्त.

पुण्यातल्या वर्गात सर्वांत सहज जमणारा प्रकार म्हणजे पात्राच्या दारावरची पुणेरी पाटी. सरावाला चिऊ-काऊची गोष्ट घ्यावी. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिमणीच्या मेणाच्या घरापाशी येऊन दार वाजवतो आणि ती काही केल्या उघडत नाही. मग पाटी अशी होते: ‘दार एकदाच वाजवावे. बाळाला तीट लावणे चालू आहे. शेणाच्या घराची चौकशी येथे करू नये.’ तीन वाक्यांत स्वभाव, प्रसंग आणि तिरकसपणा बसवायचा, तर गोष्ट नीट वाचलेली असावी लागते. पाटीवर नुसते ‘चिमणी चतुर होती’ असे आले, की बाईंनी काय ते ओळखावे.

याच गोष्टीवर खटलाही चालतो. आरोपी चिमणी, आरोप, भिजणाऱ्या शेजाऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवले. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी पुरावा फक्त पुस्तकातला द्यायचा, पान क्रमांकासह. एरवी पुस्तक पुन्हा उघडायला कां-कूं करणारी मुले मग तावातावाने पाने उलटतात. मोठ्या मुलांच्या कादंबरीलाही हा खेळ पेलतो, फक्त त्याला दोन तासिका लागतात आणि शेजारच्या वर्गाची तक्रार येते.

कथानकाचा पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बसच्या) थांब्यांसारखा नकाशा, पात्राची मुलाखत, पात्राची डायरी हे आणखी काही प्रकार. बुटाच्या खोक्यात देखावा करणे फार लोकप्रिय आहे; पण आदल्या रात्री आप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणून तो बहुधा आईच पुरा करते, आणि गुण जातात ते कात्रीला. पुस्तक न वाचता जी कृती सुबक होऊ शकते, ती जुन्या साच्याहून बरी म्हणता येत नाही.

सर्वांत कमी खर्चाची कृती म्हणजे चिठ्ठी. पुस्तक वर्गाच्या पेटीत परत ठेवताना पुढच्या वाचकासाठी आत चार ओळी लिहून ठेवायच्या. नियम एकच: शेवट सांगायचा नाही. पुढचा वाचक त्याच कागदाच्या पाठीमागे उत्तर लिहितो, आणि बरेचदा ते ‘मला नाही पटलं’ असे सुरू होते.