पेपरआधी जोरजोरात श्वास आणि 'डबल ऑक्सिजन'

"पेपरआधी जोरजोरात श्वास घ्या, मेंदूला डबल ऑक्सिजन मिळतो, सगळं आठवतं" हा मेसेज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर कितीतरी वर्षं फिरतोय. पण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, डबल व्हायला जागाच नाही. घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल तर बोटाला लावून बघा, आकडा फार तर एक-दोनने हलेल. उलट भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, माझ्या भाचीला हेच झालं आणि ऐन परीक्षेत घाबरली ना ती. शांत व्हायचंय तर हळू श्वास घ्या, सोडताना जरा लांबवा, आणि मनगटावर नाडी धरून बघा, श्वास सोडताना ठोके मंदावलेले बऱ्याच जणांना बोटाखाली कळतात.