‘मान्याना’: सकाळ आणि उद्या एकाच शब्दात

स्पॅनिशमध्ये ‘मान्याना’ म्हणजे सकाळ आणि ‘मान्याना’ म्हणजेच उद्या. नव्याने भाषा शिकणाऱ्याला यात घोटाळा दिसतो, पण ती बोलणाऱ्यांचा गोंधळ सहसा होत नाही, कारण अर्थ कोणता हे आजूबाजूचे शब्द ठरवतात. सकाळ या अर्थी तो स्त्रीलिंगी नाम असतो आणि त्याच्याआधी ‘ला’ हे उपपद येते; उद्या या अर्थी तो क्रियाविशेषण असल्यामुळे उपपदाशिवाय एकटाच उभा राहतो. म्हणूनच ‘उद्या सकाळी’ असे म्हणायचे झाले की स्पेनमधला माणूस ‘मान्याना पोर ला मान्याना’ असे सहज म्हणून जातो. पुल्लिंगी उपपद लावून ‘एल मान्याना’ म्हटले, तर मात्र अर्थ होतो भविष्यकाळ.

हे दोन अर्थ एकत्र आले कसे, हा यातला खरा रंजक भाग आहे. लॅटिनमध्ये ‘माने’ म्हणजे सकाळी, आणि उद्यासाठी ‘क्रास’ असा वेगळाच शब्द होता. ‘माने’पासून बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये ‘मानेआना’ असे रूप तयार झाले. त्यातला ‘ने’ पुढच्या ‘आ’शी जुळून ‘न्या’ झाला. हा उच्चार स्पॅनिशमध्ये नागमोडी रेघ असलेल्या ‘न’ने लिहितात आणि आपल्या वर्णमालेतला ‘ञ’ त्याला अगदी जवळचा आहे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘क्रास’ जिवंत होता. सिद या वीराच्या महाकाव्यात ‘क्रास आ ला मान्याना’, म्हणजे उद्या सकाळी, असा प्रयोग आढळतो. तिथे उद्याचा अर्थ ‘क्रास’कडे आहे आणि ‘मान्याना’ केवळ सकाळ आहे. पुढे ‘क्रास’ मागे पडला. संध्याकाळी कोणी ‘सकाळी निघू’ म्हणाले, तर ती सकाळ दुसऱ्या दिवसाचीच असणार, आणि असे वारंवार बोलले गेले की ऐकणाऱ्याने मनात भरून घेतलेला ‘दुसरा दिवस’ हळूहळू शब्दाचाच अर्थ होऊन बसतो.

ही वाट फक्त स्पॅनिशची नाही. जर्मनमध्येही सकाळ आणि उद्या यांसाठी ‘मॉर्गन’ हा एकच शब्द आहे. पोर्तुगीजने मात्र ‘मान्यां’ आणि ‘आमान्यां’ अशी दोन रूपे करून अर्थ वेगळे ठेवले. आपल्याकडे संस्कृत ‘कल्य’ म्हणजे पहाट. त्यातून मराठीत ‘काल’ आला आणि तो मागच्या दिवसाकडे वळला, तर हिंदीतला ‘कल’ दोन्ही दिशांना गेला. पहाटेच्या शब्दाने शेजारचा दिवस दाखवावा, ही प्रवृत्ती इतक्या दूरच्या भाषांमध्ये दिसते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सकाळची मर्यादाही आपल्यापेक्षा सैल आहे. स्पेनमध्ये जेवण दुपारी दोनच्या सुमारास होते आणि बोलण्यात ‘मान्याना’ तोवर ताणली जाते. दुसऱ्या टोकाला रात्रीच्या दोन वाजण्यालाही ‘लास दोस दे ला मान्याना’ म्हणतात, जरी त्या प्रहरासाठी ‘मादरुगादा’ हा स्वतंत्र शब्द उपलब्ध आहे. प्रांताप्रमाणे शब्दयोजनाही बदलते: ‘सकाळी’साठी स्पेनमध्ये ‘पोर ला मान्याना’, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘एन ला मान्याना’, तर अर्जेंटिनात ‘आ ला मान्याना’ ऐकू येते.

परवाच्या बाबतीत मात्र स्पॅनिश आपल्याहून काटेकोर आहे. मराठीत ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांतला फरक क्रियापदावरून कळतो. स्पॅनिशमध्ये येणाऱ्या परवाला ‘पासादो मान्याना’, म्हणजे उद्या उलटल्यानंतरचा दिवस, आणि गेलेल्या परवाला ‘आंतेआयेर’ असे दोन वेगळे शब्द आहेत.